तिशी उलटली तरी मुरुमं! खिशाला झेपेल असं काय करता येतं?

रानजाई

ऑफिसातल्या दोघी, धाकटी नणंद आणि खालच्या मजल्यावरची काकू. सगळ्यांना वेगवेगळं तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते, म्हणजे लिंक पाठवून मोकळी.

कॉलेज संपलं की मुरुमं संपतात असं आपण धरून चालतो. मुलींच्या बाबतीत तर 'लग्न झालं की जातील' हेही ठरलेलं. माझं लग्न झालं, पोरगं चौथीत गेलं, हनुवटीवरची मंडळी काही हलली नाहीत. पाळीच्या आठवडाभर आधी जबड्याच्या कडेनं खोल, दुखरे, तोंड नसलेले फोड येतात आणि जाताना काळा डाग ठेवून जातात. गाल कोरडे, कपाळ-नाक तेलकट. राहते ठाण्याला, रोज लोकल, त्यामुळे घामाला तोटा नाही.

तर माझं म्हणणं असं, की या चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तू तीन, फार तर चार. सौम्य फेसवॉश, एक औषध, सनस्क्रीन, आणि ओढल्यासारखं वाटत असेल तर साधं मॉइश्चरायझर. सकाळी धुवा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री धुवा, औषध, मॉइश्चरायझर. संपलं. टोनर, एसेन्स, शीट मास्क, रोलर यांना माझा आक्षेप नाही, हौसेला मोल नसतं. पण मुरुमांचा खर्च म्हणून ते धरू नका.

आता औषध. मुरुम होतो तेव्हा आत चार गोष्टी चाललेल्या असतात: तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या छिद्रात मेलेल्या पेशींचं बूच बसतं, त्यामागे जंतू वाढतात, आणि शरीर चिडून लाल सूज आणतं. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. अ‍ॅडापलीन मुळात बूचच बसू देत नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड बसलेलं बूच सैल करतं, ब्लॅकहेड्सना बरं. माझ्या डॉक्टरांनी रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्का दिलंय आणि मोठा फोड आला तर त्या भागावर बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. हे २.५ मुद्दाम लिहितेय. ५ आणि १० टक्केवालं घेतल्यानं गुण जवळपास तेवढाच येतो, सालं मात्र जास्त निघतात.

पैशाचं गणित: औषध रात्री वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून. ते पाव ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरते. सनस्क्रीन मात्र दोन बोटं भरून लागतं, ग्रॅमभर तरी. ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात आडवी. म्हणजे खरा खर्च सनस्क्रीनचा आहे, आणि लोक नेमकं तिथेच हात आखडतात आणि सीरमवर उधळतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला मुरुमापेक्षा त्याचा डाग जास्त दिवस छळतो, आणि उन्हानं तो डाग आणखी गडद होतो. एसपीएफ ३० पुरे, पण भरपूर लावा.

आणि धीर. आठ ते बारा आठवडे. त्याआधी 'काही फरक नाही' म्हणून ट्यूब बदलायची नाही.

तुम्ही काय करता? स्वस्त आणि टिकणारं सांगा.

चिंचगुळ

मस्त धागा. एक भर: बेंझॉइल पेरॉक्साइड लावून झोपणार असाल तर उशीचा अभ्रा पांढरा घ्या. आमच्याकडे गडद निळ्या टॉवेलवर नारिंगी गोल गोल चट्टे पडले होते, दोन्ही बाजूंनी. सासूबाईंनी कामवालीला धरलं, मग साबण बदलला, मग दुसरा साबण. चट्टे येतच राहिले. शेवटी माझी ट्यूब पकडली गेली. रंग उडतो त्यानं, डाग नसतो तो. कितीही धुतलं तरी निघत नाही.

रानजाई

चिंचगुळ, :हहपुवा: सकाळी चेहरा धुतल्यावर पुसायला वेगळा जुना पांढरा पंचा ठेवायचा, हा त्यावरचा उपाय.

आजीचा_बटवा

एवढी रसायनं चेहऱ्याला लावण्यापेक्षा डाळीचं पीठ, दही, चिमूटभर हळद आणि लिंबू. आमच्या चार पिढ्यांनी दुसरं काही लावलं नाही आणि कोणाच्या चेहऱ्यावर डाग नाही. खर्च शून्य.

तिरकस

चार पिढ्यांच्या चेहऱ्यांचे क्लोजअप आहेत का हो? जुन्या फोटोत सगळ्यांचीच कातडी नितळ दिसते, कॅमेऱ्यात तेवढा दमच नव्हता.

काउंटरपलीकडून

माझं मेडिकल आहे, सांगली जिल्ह्यात. बटवा यांच्या लेपावर फार वाद घालत नाही. डाळीच्या पिठानं तोंड धुतलं तर तेल निघतं, त्यात वाईट काही नाही. फक्त वाळल्यावर खरवडून काढू नका, सुजलेला मुरुम फुटतो. लिंबू मात्र काढा त्यातून. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास, त्वचेचा पाचाच्या आसपास. वर लिंबू लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात ते वेगळेच, महिनोन् महिने जात नाहीत. खायचा सोडा त्याच्या उलट बाजूला. आंघोळीचा साबणही नऊ-दहाच्या घरात असतो, म्हणून चेहरा ओढतो. टूथपेस्टबद्दल दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. मुरुम वाळतो, आजूबाजूची कातडीही भाजते.

पण हे सगळे किरकोळ गुन्हे. माझ्या काउंटरवर येणारा मोठा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ती चेहऱ्याची ट्यूब द्या, शेजारणीला फरक पडला ती." चिठ्ठी नाही. आणि ती ट्यूब नव्वद टक्के वेळा स्टिरॉइडची असते. मी नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जातात.

मोगरा७

काउंटर, तुमचं वाचून जरा टरकलेय. मला पार्लरमध्ये एक ट्यूब सुचवली होती. पहिल्या आठ दिवसांत चेहरा इतका तुकतुकीत झाला की ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. मुरुमंही बसली. आता तीन-चार महिने झालेत, एक दिवस नाही लावली तर चेहरा लाल होऊन भगभगतो, आणि बारीक पुटकुळ्या उठतात गालभर. गॅससमोर उभं राहवत नाही. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात, वरच्या ओठावर लवही वाढलीय. सवय झालीय का त्वचेला? ट्यूब बंद करू का?

काउंटरपलीकडून

ट्यूबवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते इथे टाका. कंपनीचं नाव नको.

मोगरा७

भिंगातून वाचलं. क्लोबेटासॉल प्रोपिओनेट, निओमायसिन सल्फेट, मायकोनॅझोल नायट्रेट. खाली लाल चौकटीत काहीतरी आहे, ते पुसलं गेलंय.

काउंटरपलीकडून

हे वाचणाऱ्या सगळ्यांनी एकदा नीट बघा.

पहिलं नाव, क्लोबेटासॉल: अतिशय जोरकस स्टिरॉइड. जाड कातडीच्या सोरायसिससारख्या आजारांना थोडे दिवस देतात, चेहऱ्याला सहसा नाही. दुसरं प्रतिजैविक. तिसरं बुरशीवरचं औषध. तिन्ही एकत्र, म्हणजे नेम न धरता झाडलेली गोळी. स्टिरॉइड सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. नंतर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, आणि स्टिरॉइडचे म्हणून वेगळेच मुरुम येतात. बंद केलं की सगळं उसळून वर येतं, म्हणून माणूस परत लावतो. तुम्ही जे लिहिलंय ते शब्दन् शब्द तेच आहे. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला स्वतंत्र नावच दिलंय, स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं, कारण इतके रुग्ण येतात. त्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं याविरुद्ध मोहीमही चालवली आहे. २०१८ मध्ये सरकारनं लावायची स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर.

चेहऱ्याच्या ट्यूबवर पुढची नावं दिसली तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा: बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. 'सोन', 'सॉल', 'लोन' असे शेवट कानात ठेवा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तिहेरी ट्यूब तर गोरं व्हायला म्हणून किराणा सामानासारखी खपते. डॉक्टर ती वांगासाठी मोजके आठवडे देतात, वर्षभर फासायला नाही.

मोगरा, आज एकदम बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. म्हणजे काय, तर या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब सोबत न्या. ते हळूहळू उतरवतील किंवा बंद करून वर दुसरं देतील, ते चेहरा बघून ठरतं. आज-उद्यापासून लिंबू, स्क्रब, अ‍ॅसिड, अ‍ॅडापलीन यातलं काहीही नको. फक्त सौम्य धुणं, साधं मॉइश्चरायझर, ऊन टाळणं.

मोगरा७

धन्यवाद दादा. पार्लरवालीला काय बोलू कळत नाही, ती स्वतःही तेच लावते.

वऱ्हाडी_ठेचा

स्टिरॉइड परवडलं म्हणायची वेळ येते बाप्पा. आमच्या अकोल्याचं प्रकरण २०२३ मध्ये पेपरात गाजलं होतं. एकाच घरातल्या तिघी, आई अन् दोन मुली, गोरं व्हायचं क्रीम लावत होत्या. किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासलं तर त्यात पारा निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, अन् तोच अंगात मुरून किडनी खातो. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत, तर ते क्रीम फुकट मिळालं तरी घेऊ नका.

रानजाई

ठेचा, +१००. मुरुमांवर काय लावू असं विचारत आलेल्या बाईला आपल्याकडे गोरं व्हायचं क्रीम विकतात, सगळी गडबड तिथे आहे. दोन्ही वेगळी दुकानं आहेत.

सातवा_माळा

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? वय ३४, मुंबई, जिम. कपाळावर केसांच्या कडेनं आणि पाठीवर बारीक बारीक, सगळ्या एकाच मापाच्या पुटकुळ्या. प्रचंड खाज. फॅमिली डॉक्टरांनी मुरुमं म्हणून डॉक्सीसायक्लिन दिलं, त्यानं उलट वाढल्या. बेंझॉइल पेरॉक्साइड वॉशनंही विशेष नाही. व्हे प्रोटीन घेतो, त्यानं असेल का?

हिरडा_बेहडा

त्वचेच्या ओपीडीत काम करते, एवढंच सांगते. समोर न बघता निदान करत नाही, पण 'एकाच मापाच्या' आणि 'खाज' हे दोन शब्द वाचले की आम्हाला मॅलासेझिया आठवतो. ही त्वचेवर राहणारी यीस्ट आहे. घाम, दमट हवा, घट्ट कपडे, आणि वरून प्रतिजैविक मिळालं की हिचं फावतं, कारण तिच्याशी स्पर्धा करणारे जंतू मरतात. मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्याआधी असे रुग्ण खूप. खऱ्या मुरुमांत ब्लॅकहेड, लहान, मोठे, पुवाचे असे सगळे आकार एकत्र दिसतात आणि खाज फारशी नसते. आमच्याकडे अशा वेळी किटोकोनॅझोलचा कोंड्यावरचा शाम्पू पाठीला-कपाळाला लावून पाच मिनिटांनी धुवायला सांगतात. जिमनंतर ओला टीशर्ट अंगावर वाळवू नका. डॉक्टरांना 'हे बुरशीचं असेल का' असं सरळ विचारा, त्यात त्यांना राग यायचं कारण नाही.

व्हेचं म्हणाल तर त्यानं मुरुमं वाढलेले रुग्ण नोंदलेले आहेत. महिना-दीड महिना बंद ठेवून बघायला काहीच खर्च नाही, उलट डबा वाचेल.

सातवा_माळा

डबा साडेतीन हजारांचा आहे :अरेरे: बघतो.

कोकणबाळ

म्हणजे खाण्यानं फरक पडतो तर! मग आंब्याचं काय? आमच्याकडे मे महिन्यात कपाळावर फोड आला की आजी म्हणायची, "आंबे बाधले." देवगडला राहून आंबा सोडायचा म्हणजे मुरुमंच बरी.

तिरकस

मे महिन्यात फोड येतो तेव्हा आंबा असतो, घाम असतो, शाळेला सुट्टी असते आणि दिवसभर डोक्याला चोपडलेलं खोबरेल असतं. शिक्षा एकट्या आंब्याला.

हिरडा_बेहडा

तिरकस यांनी गमतीत नेमकं सांगितलं. खोबरेलाबद्दल बोलायलाच हवं होतं. डोक्याला लावलेलं तेल कपाळावर, कानशिलावर उतरतं आणि तिथे बारीक बंद पुटकुळ्या येतात. केसांच्या पोमेडनं, म्हणजे केस बसवायच्या तेलकट मलमानं होणाऱ्या अशा मुरुमांचं वर्णन १९७० पासून वैद्यकात आहे. तेल लावूच नका असं नाही. धुवायच्या आधी तासभर लावा, केसांच्या लांबीला जास्त, कपाळाच्या रेषेला कमी. रात्रभर लावून त्याच उशीवर गाल टेकून झोपणं बंद. चेहऱ्याला मॉइश्चरायझर म्हणून खोबरेल लावणाऱ्या बऱ्याच जणी येतात. कोरड्या हातापायांना ते उत्तम, मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला नको.

खाण्याचं म्हणाल तर 'उष्ण पडलं' याला आमच्याकडे मोजमाप नाही. रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ आणि दूध, यांचा मुरुमांशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर २००२ च्या एका अभ्यासात हजाराच्या वर लोक तपासले, एकालाही मुरुम नाही. कंदमुळं, फळं, मासे, नारळ खाणारी माणसं. म्हणजे फळ गोड आहे म्हणून घाबरू नका, कोकणबाळ. फळं तेही खातात. वाटीभर साखर घातलेला आमरस आणि मैद्याच्या पुऱ्या यांचा मात्र वेगळा विचार करावा लागेल.

कोकणबाळ

आमरसात साखर?! देवगडात असं बोललात तर गाव वाळीत टाकेल. हापूस नुसता पिळायचा.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे अ‍ॅडापलीन ०.१ टक्का २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, सुपरमार्केटच्या फळीवर टूथपेस्टशेजारी. डिसेंबरात येतेय, वहिनीनं पाच ट्यूबा सांगितल्यात. आणू का? आणि तिला लगेच मुरुमं वाढल्यासारखी वाटली तर ते नॉर्मल का?

काउंटरपलीकडून

तेच औषध इथे बनतं आणि तिथल्यापेक्षा स्वस्तात मिळतं. बॅगेतली जागा चॉकलेटांना ठेवा. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली की जनऔषधी केंद्रातही विचारून बघायला सांगा, घटकाचं नाव आणि टक्का दाखवून. नाव बदललं तरी औषध तेच असतं, हे पटायला लोकांना फार जड जातं.

वाढल्यासारखं वाटणं पहिल्या काही आठवड्यांत होतं. आत अर्धवट तयार झालेली मुरुमं एकदम वर येतात. लालसरपणा, सालं निघणंही तेव्हाच. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, नाकाच्या पाळ्या, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांची कड सोडून. फार चुरचुरलं तर आधी मॉइश्चरायझर आणि वर औषध. फोडावर टिकली लावल्यासारखं लावायचं नाही, सगळीकडे पातळ पसरायचं, कारण ते पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुरुमासाठी असतं.

शेवंती

बाळाचा विचार चालू आहे, त्यात हनुवटी भरून आलीय. हेच अ‍ॅडापलीन मी लावलं तर?

हिरडा_बेहडा

शेवंती, नको. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या घरातली औषधं या काळात आम्ही बंद ठेवायला सांगतो. पोटातून घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर अजिबातच नाही, त्यानं बाळात गंभीर व्यंग येतात. ते घेताना आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. कुठल्याही मैत्रिणीची उरलेली कॅप्सूल घेऊ नका, हे सगळ्याच जणींना सांगते. तुमच्यासाठी अझेलेइक अ‍ॅसिड आहे, गरोदरपणातही चालतं आणि डागांवरही काम करतं. बेंझॉइल पेरॉक्साइड थोड्या भागावर चालतं. दोन्ही डॉक्टरांना दाखवूनच.

पाळी अनियमित आहे का? हनुवटीवर राठ केस, वजन वाढणं, डोक्यावरचे केस विरळ होणं, यातलं काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची तपासणी आधी. तसं असेल तर वरून कितीही लावा, आतला कारखाना चालूच राहतो.

शेवंती

पाळी दोन-दोन महिने येत नाही. उद्याच वेळ घेते. थँक्यू.

चिंचगुळ

डॉक्टर डॉक्टर म्हणताय, पण खासगी स्किनवाल्यांची फी आणि वर ते स्वतःच्याच क्लिनिकमधला फेसवॉश घ्यायला लावतात. खिशाला झेपेल असा धागा आहे ना हा?

भांबुर्डा

चिंचगुळ, सरकारी गाठा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे. केसपेपरचे पैसे किरकोळ. बहिणीला घेऊन ससूनला गेलो होतो. सकाळी लवकर जायचं, खिडकीवर केसपेपर, मग विभागाबाहेरच्या बाकावर. तिथे पाटी असते 'त्वचा व गुप्तरोग विभाग', त्यामुळे बाकावरचा प्रत्येक जण मोबाइलमध्ये मान खुपसून बसलेला, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. माझ्या शेजारच्या काकांनी तर न विचारता मला सांगितलं, "मला फक्त गजकर्ण आहे हां." बहीण हसून बेजार. आधी शिकाऊ डॉक्टरांनी बघितलं, मग मोठ्या मॅडमनी. खासगीत मिळाली नसती इतकी चौकशी झाली: पाळी, गोळ्या, हेल्मेटचा पट्टा, डोक्याचं तेल, सगळं. दोन औषधं लिहून दिली. अर्धा दिवस मोडतो, हे खरं.

क्लिनिकातलाच फेसवॉश घ्यायची सक्ती नसते. घटक विचारायचे आणि बाहेरून घ्यायचा.

रानजाई

भांबुर्डा, हे फार कामाचं लिहिलंत. कोणी नाशिक, नागपूर, कोल्हापूरचे अनुभव लिहील का? धाग्यात वर जोडते.

हेल्मेटच्या पट्ट्यावरून आठवलं, जबड्याला पट्टा घासतो तिथे मुरुमं येतातच. पट्टा धुता येतो हे आमच्या घरी कोणाला माहीतच नव्हतं.

तिरकस

एक शंका. क्लिंडामायसिन जेल कोणीच काढलं नाही. माझा मित्र तीन वर्षं लावतोय, स्वस्त आणि मस्त म्हणतो.

काउंटरपलीकडून

प्रतिजैविक आहे ते. एकटंच महिनोन् महिने लावलं तर जंतू त्याला सरावतात आणि मग ते पाण्यासारखं होतं. म्हणून सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड देतात, त्याला जंतू सरावत नाहीत. पोटातून घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनचंही तेच, साधारण तीन-चार महिन्यांत आवरतं घ्यायचं. तीन वर्षं लावणाऱ्या मित्राला म्हणावं, आता चिठ्ठी नवीन करून घे.

मोगरा७

अपडेट. काल डॉक्टरकडे जाऊन आले. ट्यूब बघून त्यांनी टेबलाचा खण उघडून दाखवला, रुग्णांकडून काढून घेतलेल्या अशाच ट्यूबांनी अर्धा भरलेला. मला हलकं स्टिरॉइड थोडे दिवस आणि मग बंद, सोबत टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं, सूज उतरवणारं) मलम, साधं मॉइश्चरायझर आणि झिंकचं सनस्क्रीन दिलंय. पहिला महिना वाईट जाईल, फोन करा पण जुनी ट्यूब उघडू नका, म्हणाल्या. शिरा किती जातील याची खात्री दिली नाही. भगभग आजही आहे. पार्लरवालीलाही त्यांचा नंबर दिला, ती 'बघू' म्हणाली.

रानजाई

शाब्बास गं. महिनाभर इथे येऊन रड हवं तर, पण ट्यूब फेकून दे. सोबत पत्र्याची डबी, फ्रिजच्या दारात लपवलेली दुसरी, सगळंच.

मोगरा७

फ्रिजच्या दारातली तुला कशी कळली? :फिदी:

सोनचाफा२२

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न घाईचा आहे. भावाचं लग्न पंधरा दिवसांवर, मी करवली, आणि गालावर एक भला मोठा दुखरा फोड बसलाय. तीन महिने वगैरे थांबायला वेळ नाही. काय करू?

हिरडा_बेहडा

पंधरा दिवसांत नवीन काहीही सुरू करू नका. अ‍ॅडापलीन आज सुरू केलंत तर हळदीच्या दिवशी सालं निघत असतील. ब्लीच, फेशियल, पील, सगळं लग्नानंतर. तो एक फोड फारच मोठा आणि खोल असेल तर त्वचेचे डॉक्टर त्यात अगदी सौम्य स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत बसतो. हे तज्ज्ञानंच करायचं, जास्त गेलं तर तिथे खळगा पडतो. तोवर बर्फ कापडात गुंडाळून, आणि हात लावायचा नाही.

चिंचगुळ

आणि हळदीला चेहरा सोडून फक्त हातापायांना लावा म्हणावं. मावश्या ऐकणार नाहीत, तरी सांगून ठेव.

सोनचाफा२२

मावश्यांना फोन केला. एकीनं लगेच विचारलं, "मग चेहऱ्याला लिंबू लावू का?"